पाटी नसलेली खानावळ

पिठल्याला लसणाची फोडणी बसली की मला बारामतीतली ती दुपार आठवते. वडिलांना निमगाव केतकीहून आणून दवाखान्यात ठेवलं होतं. मी औषधं घेऊन वर आलो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे मालक, पिंपळीचे एक तात्या, वॉर्डातून बाहेर येत होते. त्यांनी मला दारातच अडवलं. "पाव्हणं, सकाळपास्नं पोटात काय न्हाय तुमच्या. आधी जेवून या." मी म्हटलं, औषधं देतो आणि जातो. "द्या हिकडं, मी देतो. हाटेलात जाऊ नका. मंडईच्या मागं खानावळ हाय, पाटी न्हाय, दारात तुळस हाय. बाई तव्यावरची भाकरी थेट ताटात वाढती." मी गेलो. पिठलं वाफाळतं होतं, कांदा बुक्कीनं फोडलेला. दोन दिवस वडापाववर काढलेले. मी आणखी एक भाकरी मागून घेतली. परत आलो तर औषधांची पिशवी तात्यांच्या मांडीवर तशीच होती. मी औषधं आणायला खाली गेलो, तेव्हाच वडील गेले होते. आमच्याकडे माणूस गेलं की माती होईपर्यंत घरातलं कुणी घास खात नाही. "कळल्यावर तुमी जेवला नसता," एवढंच तात्या खाली बघत बोलले. मी त्यांच्यावर फार ओरडलो, आणि ते ऐकून घेत राहिले. आता बारामतीत कुठं जेवावं असं कुणी विचारलं, की मी तीच खानावळ सांगतो. दुसरी भाकरी मागितली होती, हे मात्र आईला अजून सांगितलेलं नाही.