आधी वरचा बोल्ट

वर्लिन हाउगेन मार्चमध्ये गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, उकडलेले बटाटे, कॉफी. वर्लिनचा जुना मित्र ओर्लो ताटली घेऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ब्रिटा, तुझ्या त्या बोल्टाची गोष्ट आता आम्हाला कोण सांगणार?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले.

ती गोष्ट खोटी आहे. खरी, वर्लिनच्या बायकोला, मार्लिसला सोडून, कुणालाच सांगितलेली नाही. मार्लिस म्हणाली, लिही. म्हणून लिहिते आहे.

वर्लिनचं गॅरेज टॉर्डल गावात धान्याच्या कोठारामागे होतं. एक्केचाळीस वर्षं. मोंटानाच्या या टोकाला घराघरात पिकअप आहे, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटाखाली वर्लिन कधी ना कधी झोपलेला आहे. गॅरेजच्या भिंतीवर त्यानं लाल रंगानं दोनच शब्द लिहिले होते. आधी वरचा.

त्याचा अर्थ इथल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत होता. पिकअपखाली तीन पेट्या असतात. दोन चाकांच्या मधोमध, एक मागे, एक पुढे. ते डिफरन्शिअल. तिसरी या दोघांच्या मध्ये, बर्फात चारही चाकांना जोर वाटून देणारी. ती ट्रान्सफर केस. तिन्हींत तेल असतं आणि ते काही वर्षांनी बदलावं लागतं. प्रत्येक पेटीला दोन बोल्ट. खालच्यातून जुनं तेल सोडायचं, वरच्यातून नवं भरायचं. पण वरचा वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, तो गंजून बसतो. खालचा आधी काढलात आणि मग वरचा निघाला नाही, तर पेटी रिकामी आणि गाडी जागेवर. म्हणून आधी वरचा. तो सुटला तरच खालच्याला हात लावायचा.

तरी दर शरदात एक तरी गाडी ओढत आणली जायची. वर्लिन फडक्याला हात पुसत बाहेर यायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "कोण्या गाढवानं आधी खालचा उघडला?"

गाढव टोपी हातात घेऊन समोरच उभं असायचं.

हे मला ऐकून माहीत. मी मिझूलाहून साहित्याची पदवी घेऊन परत आले तोवर त्यानं गॅरेज विकलं होतं. तिथे आता जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. मी गावच्या ग्रंथालयात तीन दिवस काम करते. एका दुपारी तो मार्लिसच्या कादंबऱ्या परत करायला आला, पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाहेर उभी असलेली निळी गाडी तुझी?"

"हो."

"सकाळी तू वळणावरून आलीस तेव्हा ऐकली. मागचा डिफरन्शिअल रडतोय. शनिवारी घेऊन ये."

मी शनिवारी गेले. गावापासून अकरा मैलांवर त्याचं घर, शेजारी पत्र्याची मोठी शेड. मला वाटलं होतं तो दुरुस्त करील आणि मी बघेन. त्यानं मला एक जुना डगला दिला आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

"मला यातलं काही येत नाही," मी म्हणाले.

"मग कॉलेजात चार वर्षं काय केलंस?"

"पुस्तकं वाचली."

"ती तर मार्लिसही वाचते. तिला कुणी कागद दिला नाही."

त्यानंतर पाच वर्षं मी बहुतेक शनिवारी तिथे होते. आमच्यात बावन्न वर्षांचं अंतर होतं. मी त्याला मित्र म्हणायचे. तो मला पदवीधर म्हणायचा.

तो फार बोलत नसे. खालचा बोल्ट निघाला की त्याच्या आतल्या टोकाला असलेलं लोहचुंबक बघायचा. त्यावर लोखंडाचा चिखल जमलेला असतो. तो अंगठा आणि बोटात चोळायचा, डोळे मिटून. "पीठ चालतं," म्हणायचा. "खडे नकोत." मग तेल हुंगायचा. काम संपलं की कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर तारीख आणि मैल लिहायचा, आणि तो ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला चिकटवायचा. त्याच्या स्वतःच्या पिकअपच्या दारात अशा सव्वीस वर्षांच्या पट्ट्या होत्या, एकीखाली एक.

त्या पिकअपनं तो रोज सकाळी सहाला गावातल्या कॅफेत जायचा. ओर्लो आणि बाकीचे तिथे असायचे. पावसावर बोलायचे, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायचे. आठ वाजता परत. हिवाळ्यातही, उणे तीसमध्येही. तेवढंच त्याचं बाहेर जाणं होतं. तेवढंच त्याला हवं होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये तो कॅफेत पोचला नाही. ओर्लोनं शोधलं. वर्लिन खाद्याच्या दुकानासमोर पिकअपमध्ये बसला होता. कुलूप उघडायला आज कुणी आलं कसं नाही, असं त्यानं ओर्लोला विचारलं. गॅरेज विकून सात वर्षं झाली होती.

ऑगस्टमध्ये तो नदीपर्यंत गेला. नदी बत्तीस मैलांवर आहे, कॅफेच्या उलट दिशेला.

त्यांची मुलगी बिलिंग्जला राहते. ती फोनवर आईला म्हणाली, किल्ल्या काढून घे. डॉक्टरांनी वर्लिनला कागद दिला आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. वर्लिननं पेन्सिल खाली ठेवली. "घड्याळ काढायला मला कुणी शिकवलं नाही," तो म्हणाला. "गिअरबॉक्स सांगा, आतून काढून देतो."

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटी मार्लिस ग्रंथालयात आली. कोट न काढता माझ्यासमोर बसली.

"शनिवारी तो गाडीची तिन्ही तेलं बदलणार आहे," ती म्हणाली. "बर्फाच्या आधी. तू असशील ना?"

"असेन."

"मला त्या घड्याळावर विश्वास नाही, ब्रिटा. छप्पन्न वर्षांत मी त्याला चित्र काढताना बघितलेलं नाही. पण तेल बदलताना तो चुकला तर मला कळेल. तू खाली असशील. बघ. त्यानं सगळं नीट केलं तर किल्ल्या खिळ्यावरच राहतील. मुलीला मी सांगते काय सांगायचं ते."

"आणि नाही केलं तर?"

तिनं कोटाचं बटण लावलं. उठताना म्हणाली, "मध्ये बोलू नकोस. त्याला आठवण करून देऊ नकोस. नाहीतर मला खरं कळणार नाही."

मी कबूल केलं.

शनिवारी ऊन होतं. शेडचं दार सताड उघडं होतं, समोर स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. पिकअप चार लोखंडी घोड्यांवर समतल उभी होती. वर्लिननं जुना टॉवेल पसरून पाने त्यावर मांडले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"आलीस, पदवीधर? मला वाटलं कविता करत बसली असशील."

"ती शुक्रवारी संपवली."

"बरं झालं. सरक खाली."

मागच्या डिफरन्शिअलला त्यानं आधी वरच्या बोल्टाला पाना लावला. करकरला, सुटला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आधी?"

"वरचा."

"कागद वाया गेला नाही."

मग खालचा. जुनं तेल मधासारखं, काळपट, तसराळ्यात पडलं. चुंबकावर पीठ होतं, खडे नव्हते. त्यानं नवं भरलं. वरच्या भोकातून थेंब बाहेर आला तसा थांबला. पुढच्या डिफरन्शिअललाही तेच. एकही चूक नाही. त्याचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते. मी पाठीवर पडून वरच्या लोखंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, किल्ल्या राहिल्या.

ट्रान्सफर केस उरली होती. तेवढ्यात मार्लिसनं खिडकीतून हाक मारली. "वर्लिन, कॉफी आत्ता की नंतर?"

"नंतर," तो ओरडला. "अर्ध्या तासात."

तो पुन्हा खाली वळला. पाना उचलला. आणि खालच्या बोल्टाला लावला.

मी बघितलं. पाना बसला. त्याचं मनगट ताणलं गेलं. बोल्ट एक आटा फिरला, मग दुसरा. मग त्यानं पाना ठेवला आणि बोटांनी सोडवायला लागला. बोलायला मला भरपूर वेळ होता. एकच शब्द पुरला असता. वर्लिन. किंवा नुसतं खाकरले असते तरी.

मी बोलले नाही. मी कबूल केलं होतं.

ट्रान्सफर केसचं तेल लाल असतं. बोल्ट निघाला आणि ते त्याच्या हातावरून बाहीत उतरलं, कोपरापर्यंत. तो हात पुसत पडून राहिला. धार बारीक झाली, मग थेंब. तसराळ्यात टप टप ऐकू येत होतं. त्यानं वर बघितलं.

"वरचा सैल केलास ना?"

"नाही."

"तू नाही केलास?"

"नाही, वर्लिन."

त्यानं हात वर नेऊन वरचा बोल्ट चाचपला, डोळे मिटून, चुंबकावरचा चिखल चोळायचा तसा. पाना लावून जोर दिला. हलला नाही. पुन्हा दिला. पाना घसरला.

"माझ्यात आता जोर नाही," तो म्हणाला. "तू कर."

पुढचा तास मी ते केलं आणि तो शेजारी पडून सांगत होता. गंज सोडवणारं तेल टाक. थांब. आता बत्तीनं शेक, बोल्टाला नको, भोवतीच्या ॲल्युमिनियमला. ते फुगेल. हातोडीनं टिचक्या मार, ठोकू नकोस. घाई करू नकोस. सगळं बरोबर होतं. इतकं बरोबर, की मला वाटायला लागलं, एक चूक झाली तर काय बिघडलं. कुणाचीही होते. मी ठरवलं की मार्लिसला सांगायचं नाही.

बोल्ट सुटला. मी दमून हात खाली टाकले. मग म्हणाले, "वर्लिन, मी तिला काही सांगणार नाही."

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तसराळ्यातल्या लाल तेलाकडे बघितलं. वरच्या, आत्ताच सुटलेल्या बोल्टाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, गॅरेजमधलं.

"कोण्या गाढवानं आधी खालचा उघडला?" त्यानं विचारलं.

मला वाटलं तो चेष्टा करतोय. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो वाट बघत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मी," मी म्हणाले.

तो इतका हसला की त्याला खोकला आला. "चार वर्षं कॉलेज," तो म्हणाला, "आणि पाच वर्षं माझ्याकडे!"

नवं तेल भरलं. गाडी घोड्यांवरून उतरवली. त्यानं चिकटपट्टी फाडून काहीतरी लिहिलं आणि दाराच्या कडेला चिकटवली. मी वाचलं नाही. मी पाने पुसत होते.

स्वयंपाकघरात मार्लिसनं लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या, गरम करून ठेवल्या होत्या, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या. आम्ही हात धुतले. वर्लिन खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाला.

"मार्लिस, आज आपल्या पदवीधरानं काय केलं ऐक. आधी खालचा काढला! ट्रान्सफर केसचा! आणि वरचा अडकलेला. तासभर मी हिला सांगत बसलो होतो."

मार्लिसनं माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

"खरंच," मी म्हणाले. "लक्ष नव्हतं माझं."

तिनं कॉफी ओतली. त्याच्या कपात, मग माझ्या. मग तिची नजर टेबलावर ठेवलेल्या त्याच्या उजव्या हातावर गेली. करड्या सदऱ्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत लाल होती. माझ्या डगल्याच्या बाह्या काळ्या होत्या, पण कोरड्या. खालचा बोल्ट बोटांनी काढणाऱ्याच्याच बाहीत तेल उतरतं. असे सदरे तिनं छप्पन्न वर्षं धुतले होते.

"ब्रिटा," ती म्हणाली.

वर्लिन सांगतच होता. ओर्लोला सांगतो उद्या. तो खुर्चीवरून पडेल. मार्लिस उठली, कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. परत येताना दाराजवळ थांबली. खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या, आवाज होऊ न देता, आणि एप्रनच्या खिशात टाकल्या. मग येऊन त्याच्या शेजारी बसली आणि त्याची लेफ्से लहान तुकड्यांत कापायला लागली.

"ते मला येतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि कापत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी साडेपाचला अकरा मैल जायचे आणि त्याला त्याच्याच पिकअपमधून कॅफेत न्यायचे. पहिल्या सकाळी तो ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला, हात पुढे करून. मी म्हणाले, किल्ल्या माझ्याकडे आहेत. तो माझ्याकडे बघत राहिला. मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. तिथला सीटचा पट्टा कसा लागतो ते त्याला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत तो त्या बाजूला कधी बसला नव्हता.

कॅफेत तो रोज गोष्ट सांगायचा. रोज पहिल्यांदा. "ऐकलंत का, आमच्या पदवीधरानं काल काय केलं?" ओर्लो रोज विचारायचा, "काय केलं?" आणि सगळे रोज हसायचे. जानेवारीत तो ओर्लोचं नाव विसरला, पण गोष्ट नाही. फेब्रुवारीत आम्ही जायचं बंद केलं.

मी तेव्हा एक शब्द बोलले असते तर पेटी रिकामी झाली नसती. मार्लिसला हे मी सांगितलं, दफनानंतर. ती म्हणाली, तिनं सांगितलं होतं म्हणून मी गप्प राहिले, ओझं तिचं आहे. आम्ही दोघी त्यावर पुन्हा बोललो नाही. कोणाचं, ते मला अजून कळत नाही.

पिकअप तिनं मला दिली. एप्रिलमध्ये पहिल्यांदा दार पूर्ण उघडून मी पट्ट्या वाचल्या. सव्वीस वर्षांच्या, एकीखाली एक, तारीख आणि मैल. कुठेच तिसरी गोष्ट नाही. सगळ्यांत खालच्या पट्टीवर आहे. अक्षर थोडं तिरकं, पण त्याचंच. तारीख बरोबर आहे. मैल बरोबर आहेत. त्याखाली लिहिलंय: ब्रिटानं आधी खालचा काढला.

मी ती तशीच ठेवली आहे. पुढची पट्टी तिच्या खाली लावीन.