मृणालताईची शेवटची निवडणूक

मृणालताईच्या लेकीचा, ईशाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होते. “मावशी, आई इज गॉन,” ती म्हणाली. मला कळलं नसावं असं वाटून तिने पुन्हा मराठीत सांगितलं, “आई गेली.” मी “येते” एवढंच म्हणाले. मृणालताई जाणार हे जूनपासून ठाऊक होतं... तरी हातातली खरवडणी घेऊन मी किती तरी वेळ तशीच उभी होते.

ती मूळची नागपूरची. इथे अमेरिकेत, कोलंबसच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने आयुष्यभर जंतू तपासले आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गावाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. ईशा शाळेतून बाहेर पडून कितीतरी वर्षं झाली होती. मी विचारलं, “आता तुला काय करायचंय शाळांशी?” ती म्हणाली, “आपल्या लोकांना घर घेताना शाळेचं रेटिंग तोंडपाठ असतं. ती शाळा चालवतं कोण, ते विचार एकाला तरी.” त्या वेळी ती सहज निवडून आली. आम्ही एकेक पदार्थ घेऊन जाऊन तिच्या घरी पॉटलक केलं, फोटो काढले, आपली एक बाई बोर्डावर म्हणून मिरवलो.

तिसऱ्या वर्षी आमच्या भागातल्या जुन्या प्राथमिक शाळेचा प्रश्न आला. माझी रिया त्याच शाळेत, घरापासून चालत सात मिनिटांवर. विशेष गरजा असलेल्या मुलांचा वर्ग तिथे बेसमेंटमध्ये भरायचा आणि लिफ्ट सारखी बंद पडायची. आगीच्या ड्रिलच्या दिवशी मृणालताई मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिली. नंतर माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सांगितलं, “व्हीलचेअरमधली एक मुलगी आहे, सात वर्षांची. दोन शिक्षिका तिला उचलून जिना चढतात. ती डोळे गच्च मिटून घेते गं. खरी आग लागली तर?” इमारत दुरुस्तीपलीकडे गेली होती. शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवायचा ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी झाला. तिसरं मत मृणालताईचं.

मग गाव उलटलं. रोज शिव्यांचे ईमेल, कुणीतरी तिच्या घरासमोरच्या टपालपेटीवर ‘तुझ्या देशात जा’ असं लिहिलं. आपलेही मागे नव्हते. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. कमिटीतले एक गृहस्थ येऊन म्हणाले, “ताई, यंदा स्टेजवर येऊ नका. उगाच पॉलिटिक्स नको.” रागावलेली मीही होतेच. रियाला आता बसने जावं लागणार, घरांचे भाव पडणार, हेच आमच्या घरी रोज चालायचं.

जूनमध्ये तिच्या आजाराचं निदान झालं. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात आणि एक दिवस श्वास पुरेनासा होतो. तिने ते फक्त ईशाला आणि मला सांगितलं, आणि त्याच दमात, पुन्हा उभी राहतेय म्हणून सांगितलं.

“वेड लागलंय का तुला, ताई?”

“शाळा हलायला अजून वर्ष आहे. मी हरले तर नवं बोर्ड ठराव फिरवेल. मग ती मुलगी आहेच त्या जिन्यावर.”

सप्टेंबरातल्या एका रविवारी ती माझ्या दारात आली. गाडीच्या डिकीत तिच्या नावाच्या पाट्या होत्या, लोकांच्या हिरवळीवर रोवायच्या. नितीन, माझा नवरा, आत टीव्हीसमोर बसला होता. त्याने मान वळवली नाही. मी दारातच म्हणाले, “रियाच्या मैत्रिणींचे आईवडील येतात गं... सध्या नको.” ती “बरं” म्हणाली. डिकी बंद केली आणि गाडीला हात टेकून श्वास जमेपर्यंत उभी राहिली. मग माझ्याकडे पाणी मागून प्यायली आणि शेजारच्या घराकडे गेली.

त्या अपराधीपणापोटीच मी ऑक्टोबरात तिला दर शनिवारी दारोदार फिरवू लागले. ऑक्सिजनची नळी ती गाडीतच ठेवायची, लोकांना दिसू नये म्हणून. एका तरुण बापाने तिला पायरीवरच अडवून पंधरा-वीस मिनिटं सुनावलं आणि दार आपटलं. गाडीत येऊन तिने नळी नाकाला लावली. धाप कमी झाल्यावर म्हणाली, “चुकत नाही त्याचं. त्याचा मुलगा चालत जात होता शाळेत.” आणि मग, “पुढचं घर कुठलं?”

आता जे सांगायचं आहे ते मी नितीनलाही सांगितलेलं नाही. मतदानाच्या दिवशी मतपत्रिकेवर तिचं नाव समोर होतं. रिया आठवली, ते सात मिनिटांचं चालणं आठवलं... आणि तो रकाना मी कोराच सोडला. ताई थोडक्यात हरली. एका मताने नव्हे, माझ्या मताने काही बदललं नसतं, असं मी स्वतःला सांगत असते. त्या रात्री तिचा फोन आला. “माझ्यासाठी केवढी वणवण केलीस गं,” ती म्हणाली. खरं सांगायचंच असं ठरवून मी जानेवारीत हॉस्पिटलात गेले. मास्क बाजूला करून तिने विचारलं, “रिया काय म्हणते?” मी म्हणाले, “मजेत आहे.” पुढचं ओठांवर आलंच नाही. चार दिवसांनी ती गेली.

महिनाभरात नव्या बोर्डाने ठराव फिरवला. शाळा वाचली म्हणून आमच्या रस्त्यावर लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, रिया उड्या मारत घरी आली. छताची डागडुजी होणार आहे. वर्ग बेसमेंटमध्येच आहे.

गेल्या मंगळवारी मी बोर्डाच्या सभेला गेले. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं देतात. माइकसमोर उभी राहून मी नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि म्हणाले, माझी मुलगी याच शाळेत वरच्या मजल्यावर शिकते. खाली एक वर्ग आहे, त्याबद्दल बोलायचंय. निम्मं सांगून होतं न होतं तोच वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. अध्यक्षांनी आभार मानून पुढचं नाव पुकारलं. मृणालताईच्या खुर्चीत नवीन बाई बसल्या होत्या, कागदावर काहीतरी लिहीत होत्या. चार वर्षं ताई त्या खुर्चीत बसली. ती तिथे बसलेली कशी दिसते, हे बघायला मी एकदाही गेले नव्हते.