धुराची वाटी

कार्बनचा बाजार शिकवायला प्रशिक्षणाच्या सरांनी आम्हा बायकांना संगणकावरच्या खेळाला बसवलं. प्रत्येकीला एक लुटुपुटूचा कारखाना आणि धूर सोडायचे मोजके परवाने. कमी पडले तर दुसरीकडून विकत घ्यायचे. माझे संपले. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी त्यांचे उरलेले देऊन टाकले.

"अहो बाई, विका! फुकट काय देता?" सर कळवळले.

"वाटीभर साखरेचे शेजारणीकडून पैसे घेतात का?"

पुढच्या फेरीत माझे उरले, तेव्हा मी त्यांना दोन जास्तच पाठवले. रिकामी वाटी परत करतं का कुणी? मग हॉलभर हीच देवाणघेवाण सुरू झाली. पडद्यावर भाव शून्यावर आला, बाजार बुडाला. धूर मात्र मर्यादेतच राहिला.

सर अजून आमची चूक शोधताहेत.