पहिल्या तारखेचं मागचं गेट

आमच्या घरात पेन्शनवर बोलायचा अधिकार फक्त बाबांना आहे, कारण ती त्यांना मिळते. मला मिळणार नाही, त्यामुळे माझं मत कलुषित धरलं जातं.

बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि मी तशाच एका कचेरीत कारकून आहे. फरक एवढाच की ते वेळेवर जन्माला आले. त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम मरेपर्यंत मिळणार, आणि महागाई वाढली की तीही वाढणार. कांदा महागला की सबंध बिबवेवाडीत एकटे बाबा प्रसन्न असतात. आम्ही नंतर नोकरीला लागलेले. आमच्या पगारातून दर महिन्याला कापतात, ते बाजारात गुंतवतात, आणि शेवटी जे उगवेल ते आपलं नशीब. याला नवीन योजना म्हणतात. नवीन म्हटलं की पुण्यात एरवी दहा शंका काढतात, पण इथे आम्हाला विचारलं कुणी?

तर जुनी पेन्शन परत द्या म्हणून आमच्या संघटनांनी संप पुकारला. पहिल्याच सकाळी घरच्या ग्रुपवर बाबांचा मेसेज आला : ‘या सरकारी जावयांना देशाने आणखी किती पोसायचं?’ मी शेजारच्याच खोलीत डबा भरत होते.

“बाबा, जावई तर तुम्हीही आहात.”

“मी निवृत्त जावई. आणि ते फॉरवर्ड आहे, मी लिहिलेलं नाही,” असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

आमच्या कचेरीत एक शिपाई होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे, साहेबसुद्धा. तरुणपणापासून ते याच कचेरीत रोजंदारीवर राबले. कपाटं हलवली, चहा आणला, बदलून आलेल्या साहेबांना कचेरीचा संडास कुठे आहे ते दाखवलं. सरकारने त्यांना कायम केलं, पण नेमकं जुनी पेन्शन बंद झाल्यावर. आधीची सगळी वर्षं त्यांनी बहुधा हौसेखातर काम केलं, असं सरकारचं म्हणणं असावं. आणि संप चालू असतानाच, महिनाअखेरीला, मामा निवृत्त होणार होते. घरी आजारी बायको, मुलगा नावापुरता. पुढे खायचं काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर भाषणातला नव्हता, चुलीपुढचा होता.

तरी मामा रोज संपाच्या मांडवात यायचे. मी म्हटलं, “मामा, तुमचे थोडेच दिवस राहिलेत. कशाला पगार कापून घेता? तुम्हाला काही मिळायचं नाही यातून.”

“ते ठाऊक आहे हो ताई. पण घरी बसलो तर बायको मेथी निवडायला बसवते. इथे निदान घोषणा द्यायला मिळतात.”

घोषणा मात्र ते खणखणीत द्यायचे. आमच्या अध्यक्षांचा घसा पहिल्याच दिवशी बसला होता. अध्यक्षांना स्वतःला जुनी पेन्शन लागू आहे, म्हणून मी त्यांच्याविषयी वाईट बोलत नाही. फुकट भांडणारा माणूस पुण्यात घरटी सापडतो, पण दुसऱ्यासाठी भांडणारा विरळाच.

आता अडचण अशी की निवृत्तीचा दिवस आला आणि निरोप समारंभ करायचा कुठे? कचेरीत पाऊल टाकलं तर संप मोडला. शेवटी ठरलं, मांडवातच उरकायचं. शाल आली, नारळ आला, कागदी बशांतून बटाटेवडा आणि पेढा आला. पाहुणा मिळेना. साहेबलोक संपकऱ्यांच्या मांडवात कसे येणार? तेव्हा माझी जीभ वळवळली. म्हटलं, माझे वडील याच खात्यातले निवृत्त आहेत, भाषणही बरं करतात. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची मला लहानपणापासून सवय आहे.

बाबांनी कडक इस्त्रीचा सफारी काढला. रिक्षात मला बजावलं, “संपाला माझा विरोध आहे. सत्काराला नाही.”

“तेवढं मांडवात बोलू नका म्हणजे झालं.”

ते बोलले नाहीत. दुसरंच बोलले. निरोप समारंभाचं भाषण आमच्या कचेऱ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. माणूस बदलतो, भाषण तेच. बाबांना ते तोंडपाठ. सेवाभाव झाला, हसतमुख स्वभाव झाला, सौभाग्यवतींची साथ झाली. मामांच्या पत्नी समोर खुर्चीत डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. मग बाबा रंगात आले आणि म्हणाले, “मामा, सुटलात तुम्ही! आता डबा नाही, लेट मार्क नाही. पहिली तारीख आली की बँकेत जायचं, आयती पेन्शन घ्यायची आणि मजेत राहायचं!”

त्यांच्या डोक्यामागे फलक होता. त्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, आम्हाला पेन्शन द्या.

कुणीही टाळी वाजवली नाही. लाऊडस्पीकर नुसता घुंई करत राहिला. बाबा टाळ्यांची वाट पाहत थांबले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांच्या ध्यानात आलं. माझा बाप एवढा बारीक झालेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. मामाच वाजवत होते. मग सगळ्यांनी वाजवल्या. मामा माईकपाशी आले आणि म्हणाले, “साहेबांच्या तोंडात साखर पडो. नाहीच जमलं, तर साहेब, तुमच्या सोसायटीत वॉचमन लागतो का, तेवढं बघा.” मांडव हसला. बाबा जरा जास्तच मोठ्याने हसले.

दुसऱ्याच दिवशी संप मिटला. समिती नेमली. आपल्याकडे समिती नेमली की प्रश्न सुटला असं समजून घरी जायचं असतं, तसे आम्ही गेलो.

त्यानंतर बाबांनी संपावरचा एकही मेसेज फॉरवर्ड केला नाही. चेअरमनकडे मात्र चार खेपा घातल्या. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण दिवाळीच्या आत मामा आमच्या सोसायटीच्या गेटवर निळ्या शर्टात खुर्ची टाकून बसले. बायकोच्या औषधांपुरतं भागतं, म्हणाले. मला पाहिलं की उठून उभे राहतात. मी ओरडते, “मामा, बसा हो!” ते म्हणतात, “सवय आहे ताई.” मला निवृत्त व्हायला अजून वेळ आहे. तोवर ही जागा रिकामी झाली तर बरंच आहे, निदान घराजवळ पडेल.

पहिल्या तारखेला बाबा बँकेत जातात. पैसे आपोआप जमा होतात, पण पासबुकात छापून आल्याशिवाय बाबांना ते आल्यासारखे वाटत नाहीत. धुतलेला शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, येताना अमृततुल्यात चहा. मामा आल्यावरच्या पहिल्याच खेपेला मामा गेटवर उठून उभे राहिले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, “साहेब, आज पेन्शन ना? सावकाश जा, गर्दी असेल.”

पुढच्या महिन्यापासून बाबा मागच्या गेटने जाऊ लागले. तिथे कचऱ्याचे डबे आहेत, नाक धरून जावं लागतं. मी विचारलं तर म्हणाले, “पुढच्या बाजूला ऊन फार असतं.” सकाळी नऊला, थंडीत.

मग सोसायटीत एक सायकल चोरीला गेली आणि सभेत ठरलं, मागचं गेट कायमचं बंद. वर्षानुवर्षं हीच मागणी करणारे बाबा त्या दिवशी विरोधात बोलले. आग लागली तर काय, भूकंप झाला तर काय! कुणी ऐकलं नाही. कुलूप लागलं, किल्ली वॉचमनकडे दिली.

पहिली तारीख उजाडली. बाबा उगाचच पासबुक चाळत बसले होते. जाऊ, जाऊ म्हणत होते. मी कपडे वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेले. खाली मामा डब्यांमधून वाट काढत गेटपाशी आले. त्यांनी कुलूप काढलं, फाटक अर्धवट लोटून ठेवलं आणि कुणी पाहत नाही ना असं बघून पुढे आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी आत येऊन म्हटलं, “बाबा, जा. गेट उघडं आहे.”

“कोणतं?” बाबांनी विचारलं.

“मागचं.”

त्यांनी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. मग चपला घातल्या आणि गेले. मागच्याच गेटने गेले. दर पहिल्या तारखेला ते तेवढं तासभर उघडं असतं. सोसायटीत कुणाला माहीत नाही, आणि मामा आणि बाबा त्याबद्दल एकमेकांशी अजून एक अक्षर बोललेले नाहीत.