डाव्या हाताच्या मुंग्या

थांबा, हे आत्ताच सांगते, कारण आत्ता बोटं नीट चालतायत. तासाभरानंतरची गॅरंटी नाही.

मी घरूनच काम करते. ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची, एका वेळी तीन-तीन चॅट. दिंडोशीत आमची एकच खोली आणि किचन. त्यामुळे ऑफिस म्हणजे दिवाण. मांडी घालायची, मांडीवर जेवायचा पाट, पाटावर लॅपटॉप. नऊ तास मान खाली. मला तर ही आयडिया एकदम झकास वाटली होती!

आधी मान धरली. मग खांद्यातून कळ यायला लागली. मग डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या. आणि मुंग्यांचं मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

कसं सांगणार यार? पप्पांनी बावीस वर्षं अंधेरीच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलली. त्यांचा कमरेचा पट्टा दाराच्या मागे टांगलेला असतो, आजही तो बांधल्याशिवाय ते बादली उचलत नाहीत. आमच्याकडे पाठदुखी म्हणजे पप्पांची. एकदा मी नुसतं "मान दुखतेय" म्हटलं तर आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "बसून पगार मिळतो तर मान दुखते बाई हिची! उचललंस काय?"

खरंच, उचललं काय होतं मी?

मग एका दुपारी त्या दोन बोटांखाली कीबोर्डचं बटण दाबलं जातंय की नाही तेच कळेना. 'a' डाव्या करंगळीने दाबायचा, आणि ग्राहकाला पाठवलेल्या अख्ख्या मेसेजमध्ये एकही 'a' नव्हता. टीम लीडने लगेच विचारलं, "काय गं, कीबोर्ड गेला का?"

"हो ना, कीबोर्डच," मी ठोकून दिलं.

ती बिचारी म्हणाली, "वेगळा पाठवते, उद्या येईल." झालं, वाट लागली. आता नव्या कीबोर्डवर पण 'a' गाळला तर काय सांगणार? माझी नोकरी म्हणजे माझा टायपिंगचा स्पीड. हात कायमचाच गेला तर? चॅटच्या मधल्या मिनिटात मी मुठी आवळून, उघडून बघायची. उजवी, डावी. परत डावी.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं आणि ते घेतलं पप्पांनी. "लॅपटॉपला कीबोर्ड आहे ना? मग हा कशाला?"

मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. घाबरले की पप्पा गावची मालवणी बोलायला लागतात. "काय झाला गो बाय?"

मी हात पुढे केला. सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "खोका छातीशी धरला तर हलका. हात लांब करून धरला तर तोच जड होतो. तू डोका तसाच पुढे काढून बसतंस दिवसभर. डोक्याक वजन नाय?"

थोड्या वेळाने आईला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाले, "मी पण पयल्या वर्षी कोणाक सांगूक नाय. कामावरून काढतील म्हणान."

मला हे माहीतच नव्हतं. मी त्या पट्ट्याकडे बघूच शकले नाही.

संध्याकाळी ते मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मानेपाशी नस दाबली जातेय, वेळेत आलीस. पण पकड ढिली वाटली, वस्तू हातातून पडायला लागल्या, तर लगेच यायचं. घरी येऊन पप्पांनी कोपऱ्यातलं सामानाने भरलेलं टेबल रिकामं केलं, त्याला खुर्ची लावली, लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर चढवला, स्क्रीन बरोबर डोळ्यांसमोर. नवा कीबोर्ड खाली, कोपरं टेकून. पाट पायांखाली. म्हणजे माझ्या थापेने आलेली वस्तूच कामाला आली! आता दर अर्ध्या तासाने आई किचनमधून ओरडते, "ऊठ गं, मान फिरव!" तीच आई!

तीन आठवडे झाले. मानेची कळ गेली, अनामिकेच्या मुंग्या गेल्या. करंगळीच्या आहेत अजून, सकाळी जास्त. काल टीम लीडने विचारलं, "नवा कीबोर्ड ठीक चालतोय ना?" मी "हो" टाईप केलं, पुसलं, आणि खरं काय ते लिहून पाठवलं. तिने वाचलंय. उत्तर अजून नाही.

तुमचं झालंय का असं कधी? करंगळीच्या मुंग्या पूर्ण जातात का हो? आणि तुम्ही घरी किती दिवसांनी सांगितलंत?