झाकणाचा पेला

फुसाए ओबाता या बाईने उभ्या आयुष्यात एकच काम केलं: चहा दिला. हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. तिने चहा दिला तो तोक्योतल्या एका बलाढ्य कंपनीच्या सातव्या मजल्यावर. नद्यांच्या मुखावरचे पोलादी दरवाजे, धरणांच्या झडपा, पूर उपसायची अजस्र यंत्रं, हा त्या कंपनीचा धंदा. आणि कुठला दरवाजा कुणाला मिळायचा याची जुळवाजुळव ज्या खोलीत व्हायची, त्याच खोलीत बाईचा तबक घेऊन वावर.

बाई मूळची उत्तरेकडची, अकिताची. तिकडे हिवाळ्यात बर्फ खिडक्या गिळून टाकतो आणि पुरुषमाणसं मजुरीला बाहेर पडतात. तिचा बापही पडायचा. एक हिवाळा त्याने याच कंपनीच्या धरणावर काढला आणि गुडघा कायमचा अधू करून परत आला. तरी कंपनीबद्दल वाकडा शब्द नाही. गरम भात द्यायचे, एवढंच सांगायचा. म्हणून शाळा संपल्यावर मास्तरांच्या ओळखीने तिथेच नोकरी लागली, तेव्हा फुसाएला ती परक्याची चाकरी वाटलीच नाही.

तिच्याबरोबर लागलेल्या मुली लग्न ठरलं की फुलांचा गुच्छ घेऊन बाहेर पडत गेल्या. रीतच तशी होती. फुसाएचंही एका ठिकाणी ठरत आलं होतं, पण मुलगा ओसाकाला गेला आणि तिकडचाच झाला. ती राहिली. राहिलेल्या बाईचं काय करायचं हे कंपनीला कधीच कळत नाही. मग तिला नजरेआड, सातव्या मजल्याच्या टोकाला, सल्लागारांच्या खोलीवर नेमलं.

सल्लागार म्हणजे मंत्रालयातून निवृत्त झालेला बडा अधिकारी. असल्यांना आमच्याकडे स्वर्गातून उतरलेले म्हणतात. कालपर्यंत जो कंत्राटं द्यायचा, तो आज कंत्राटं घेणाऱ्याच्या घरी गुबगुबीत खुर्चीत. त्यांना सल्ला कुणी विचारत नसे. त्यांनी वर्तमानपत्र वाचायचं, जेवणानंतर डुलकी काढायची आणि अधूनमधून फोन उचलून आपल्या जुन्या हाताखालच्यांची विचारपूस करायची. मुलीचं जमलं का, आईचे गुडघे कसे आहेत, आणि हो, त्या नदीमुखाच्या दरवाजाचं कुठवर आलं. बस. याला लाच म्हणत नाहीत. याला काय म्हणावं ते कायद्याला तोवर सुचलं नव्हतं.

सल्लागार बदलत, बाई तीच. आणि पेल्यांची रीतही तीच. ती तिला अगदी सुरुवातीला शिकवली गेली होती: मंत्रालयाचा माणूस, संसदेचा माणूस आला की चहा झाकणाच्या पेल्यात, खाली लाखेची बशी. व्यापारातला माणूस आला, मग तो स्वतः पोलाद कारखान्याचा अध्यक्ष का असेना, त्याला बिनझाकणाचा साधा पेला. कुणी ही रीत कागदावर लिहिली नव्हती, पण मजल्यावरचा शिपाईसुद्धा तबकाकडे बघून आत कोण बसलंय ते ओळखायचा.

शेवटचे सल्लागार कागेयामासाहेब. मंत्रालयात नद्यांच्या खात्याचे प्रमुख होते. मऊ बोलायचे, अकिताचं धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं त्यांना फार आवडायचं. फुसाए गावाहून आली की त्यांच्यासाठी वेगळं बांधून आणायची. तिची आई गेली त्या हिवाळ्यात गावाकडे गाड्या बंद पडत होत्या. कंपनीकडून फुलं आली, ती येणारच होती. पण कागेयामासाहेब स्वतः आले. मध्येच गाडी अडली तर कुणाच्या तरी मालट्रकमधून आले, गुडघाभर बर्फात, स्टेशनमास्तरकडून मागून घेतलेले रबरी बूट घालून. आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, बराच वेळ वाकून राहिले आणि चहा घेऊन परत गेले. चहावाल्या बाईच्या आईसाठी! गावाने ते वर्षभर चघळलं. फुसाएने ते जन्मभर जपलं.

पुढच्या शरद ऋतूत एक पाहुणे यायला लागले. करडा सूट, वय पन्नाशीच्या आत, मागच्या जिन्याने यायचे आणि मागच्याच जिन्याने जायचे. कामकाज विभागाचे प्रमुख सुगिमोरी तिला मुद्दाम सांगायला आले, की हे साहेबांच्या गावचे, गो खेळायला येतात, नाव विचारू नका, आणि त्यांना आपला साधा पेला द्या. गोचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळाचा, पट टेबलावर असायचाही. त्यावरची धूळ मात्र दर सोमवारी बाईच पुसायची, तेव्हा खेळ किती होतो ते तिला ठाऊक होतं.

पहिल्या दोन खेपांना तिने साधा पेला नेला. तिसऱ्या खेपेला ती आत फुलं बदलत होती तेव्हाच पाहुणे आले, आणि दारातच कागेयामासाहेबांना म्हणाले, "साहेब, खात्यात सगळे तुमची आठवण काढतात." ती मजल्यावरच्या चहाघरात गेली, पाणी उकळलं, पानं घातली, आणि हात आपसूक वरच्या फळीवर गेला. तबक घेऊन ती बाहेर पडली तेव्हाही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आलं ते यानागिदांच्या. यानागिदा म्हणजे अंदाजपत्रकं करणारे अभियंते. खडूस, पण सरळ माणूस. डोळ्यांपुढचे आकडे आणि पायांखालची जमीन, या दोनच गोष्टींवर त्यांचा विश्वास. मागच्या जिन्यावर त्यांनी पाहुण्यांना पाहिलं होतं. कॉरिडॉरमध्ये समोरून येताना त्यांनी तबक पाहिलं आणि बाजूला होत म्हणाले, "काय ओबाताबाई, मागच्या जिन्याने देव उतरायला लागले वाटतं?"

तिने खाली पाहिलं. झाकण. तोवर दार उघडलं होतं, सुगिमोरी बघत होते. आता परत फिरणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. तिने चहा ठेवला.

त्या पेल्याने काय काय केलं बघा. नदीमुखाच्या मोठ्या दरवाजाची निविदा निघायची होती. या धंद्यात कुणाची पाळी ते कंपन्या आपसांत आधीच ठरवत. पण पाळी असली तरी सरकारने मनाशी धरलेल्या कमाल किमतीच्या आत बसावं लागतं, आणि ती किंमत मंत्रालयात कुलपात असते. असायला हवी. महिन्याभरात यानागिदांच्या टेबलावर वरून एक आकडा आला: हाच लिहा. त्यांचा स्वतःचा हिशेब निराळाच येत होता. बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, हा आकडा कुठून आला ते मला सांगा, मग मी शिक्का मारतो. कुणी सांगेना. तेव्हा त्यांच्या तोंडून गेलं, की सातव्या मजल्यावर गेल्या महिन्यात झाकणाचा पेला गेला, तो कुणासाठी होता?

शिक्का दुसऱ्याने मारला, काम कंपनीला मिळालं, आणि वसंतात यानागिदांची बदली कावासाकीच्या गोदामात झाली. ते खण आवरायला आले तेव्हा फुसाएने त्यांना चहा नेला. एका खोक्यात मोजपट्ट्या, जोडे आणि मुलीने काढलेलं एक मांजर.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली.

"तुम्ही चहा दिलात हो. तोंड माझं सुटलं." त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. "इतकी वर्षं साध्या पेल्यातला दिलात, पण कधी गार दिला नाहीत."

एवढ्यावर मिटलं असतं. पण पाळी हुकलेल्या एका कंपनीने कुरकुर केली, ती वर्तमानपत्रात पोचली, आणि चौकशी लागली. किंमत फुटली हे उघड होतं. कुणी फोडली? कंपनीने उत्तर तयार ठेवलं: यानागिदा. म्हणे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मंत्रालयातल्या कुणा कारकुनाला दारू पाजून आकडा काढला. कंपनीला याची कल्पना नव्हती, कंपनीला अतीव दुःख आहे. गोदामातला, नाराज, एकलकोंडा माणूस. बळी द्यायला याहून सोयीचा मिळतो कुठे? त्यांच्या बायकोने मुलीला शाळेतून काढून माहेरी नेल्याचं फुसाएच्या कानावर आलं.

चौकशीवाले बाईलाही विचारणार हे कळलं तेव्हा सुगिमोरींनी तिला समोर बसवलं. प्रेमाने बोलले, हेही सांगायला हवं. तुमची निवृत्ती जवळ आली, कंपनी तुमचं घर आहे, तुमच्या वडिलांचं होतं, वगैरे. "काही खोटं सांगायचं नाहीये, ओबाताबाई. गो खेळायला यायचे. तुम्ही पट पाहिलाय ना? मग झालं."

कागेयामासाहेबांनी तिला काहीच सांगितलं नाही. फक्त आदल्या दिवशी, ती लोणच्याची बशी उचलत असताना खिडकीकडे बघत म्हणाले, "तुम्हाला जे आठवत असेल ते सांगा." आता आमच्याकडे या वाक्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: विसरा. पण बशीत एक फोड उरली होती. तिने बशी परत खाली ठेवली आणि ती फोड त्यांनी खाईपर्यंत उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ते रबरी बूट होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लहान बैठकीच्या खोलीत दोन चौकशी अधिकारी आले. कंपनीतर्फे सुगिमोरी आणि वकील. फुसाएला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, आधी चहा आणते. सुगिमोरी खूश झाले. बाई नेहमीसारखीच आहे, म्हणजे काळजी नाही.

चहाघरात पाणी उकळलं तरी ती फळीपुढे उभीच. खालच्या फळीवर साधे पेले, वरच्या फळीवर झाकणाचे. पाणी थोडं निवू द्यावं लागतं, नाहीतर पानं कडू होतात. पण त्या दिवशी ते गरजेपेक्षा जास्तच निवलं आणि तिला पुन्हा उकळावं लागलं. मागच्या वेळी तिचा हात गेला होता. या वेळी तिने हात नेला.

चार पेले तिने टेबलावर ठेवले. दोन अधिकाऱ्यांपुढे झाकणाचे, लाखेच्या बशीत. सुगिमोरी आणि वकिलापुढे साधे.

थोरला अधिकारी म्हणाला, की चौकशीच्या घरचा चहा आम्ही घेत नाही, नियम आहे, राग मानू नका. त्याने पेला सरकवायला हात पुढे केला आणि थांबला. आपल्या पेल्याकडे पाहिलं, वकिलाच्या पेल्याकडे पाहिलं.

"आम्हाला झाकण, आणि यांना नाही?"

"सरकारी माणसाला झाकण," फुसाए म्हणाली. "या मजल्याची रीत आहे."

"कायमची?"

"मी आल्यापासूनची."

सुगिमोरी खाकरले. वकिलाने पेनाचं टोपण लावलं, काढलं. झाकणावर बोट ठेवून अधिकारी म्हणाला, "कागेयामासाहेबांकडे गो खेळायला कुणी यायचे म्हणतात. त्यांना?"

ती ताठ उभी होती, तबक छातीशी धरून. नाव मला माहीत नाही, ती म्हणाली, कुणी कधी सांगितलं नाही. सुगिमोरी तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत धमकी नव्हती, चक्क विनवणी होती.

"मला सांगितलं होतं साधा द्या म्हणून," ती म्हणाली. "पण ते मंत्रालयाचे होते. मी झाकणाचा दिला."

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. करड्या सुटातला माणूस सापडला, मग त्याचा वरचा सापडला. कंपनीला काही काळ सरकारी कामं बंद झाली. फार काळ नव्हे, एवढ्या मोठ्या कंपनीला सरकार फार काळ उपाशी ठेवत नाही. यानागिदांच्या नावावरचा डाग गेला. नोकरी त्यांनी आपणच सोडली आणि सैतामात जलवाहिन्या दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा फर्ममध्ये लागले. फुसाएला त्यांचं नव्या वर्षाचं कार्ड दरसाल येतं, त्यावर मुलीने काढलेलं मांजर. मांजरं सुधारत गेली.

कागेयामासाहेब त्याच आठवड्यात कंपनी सोडून गेले. मागच्या जिन्याने. तिला निरोप नाही. खोली बंद झाली, आणि फुसाएला निवृत्तीपर्यंत तळघरात कोऱ्या पाकिटांच्या गठ्ठ्यांपाशी बसवलं. तिथे चहा द्यायला कुणी नव्हतं.

ती साहेबांना दर नव्या वर्षाला कार्ड पाठवत राहिली. उत्तर आलं नाही. कार्ड परतही आलं नाही, म्हणजे मिळत होतं. मग एका डिसेंबरात त्यांच्या पत्नीचं काळ्या किनारीचं छापील पत्र आलं, ओळखीच्या सगळ्यांना जातं तसं: साहेब गेले, घरात दुःख आहे, यंदा शुभेच्छा नकोत.

फुसाए लोणचं घेऊन गेली. योकोहामाच्या टेकडीवरचं नीटस घर. पत्नीने दार उघडलं, नाव ऐकलं, आणि रीतीप्रमाणे आत घेतलं. देवघरातल्या साहेबांच्या तसबिरीपुढे फुसाएने गुडघे टेकले, लोणच्याची पुडी ठेवली, उदबत्ती लावली, आणि ते तिच्या आईपुढे वाकले होते तितकीच वाकून राहिली. मग ती वळून बसली. पत्नीने जमिनीला कपाळ टेकवून आभार मानले. कुठे काही कमी नव्हतं. फक्त चहा आला नाही.

कुणाच्याही घरी, वीजबिलवाल्यालासुद्धा, चहा येतो. फुसाए शिष्टाचारापुरती थांबली. आतल्या खोलीत किटलीचं पाणी उकळत असल्याचा आवाज स्वच्छ येत होता. पत्नी मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मग फुसाए उठली, पुन्हा वाकली आणि जोडे घातले.

स्टेशनावरच्या यंत्रातून तिने तयार चहाचा छोटा डबा काढला. हिवाळ्यात तो हात पोळेल इतका गरम येतो. फलाटावर उभ्याउभ्याच तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, डबा टोपलीत टाकला, आणि आलेल्या गाडीत चढली.