डॉड्सांच्या घरातला ओस्विन

मेबल डॉड्सने आपल्या पहिल्या मुलाचं नाव एका फिरत्या घड्याळजीवरून ठेवलं, अशी कुजबुज आमच्या गावात कित्येक वर्षं चालू होती. तो घड्याळजी आदल्या उन्हाळ्यात चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळ दुरुस्त करायला आला होता. घड्याळ चाललं न चाललं, त्याच्या मिशा मात्र सगळ्या बायकांच्या लक्षात राहिल्या. त्याच्या हत्यारांच्या पेटीवर ‘ओ. प्रिंगल’ असं रंगवलेलं होतं. त्या ‘ओ’च्या पुढे काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो तो हवं ते भरायला मोकळा.

कुजबुजीला निमित्तही तसंच होतं. डॉड्स म्हणजे नॉर्थंबरलंडच्या डोंगरउतारावरचे मेंढपाळ, आणि त्यांच्याकडे पहिला मुलगा झाला की जॉर्ज. मेबलचा सासरा जॉर्ज, नवरा जॉर्ज. नवऱ्याला जॉर्डी म्हणायचे, तरी कोणी अंगणात ‘जॉर्ज’ म्हणून ओरडलं की दोन माणसं आणि एक कुत्रा वळून बघायचा. अशा घरात एकदम ओस्विन! नाव परकं नव्हे, आमच्याच उत्तरेकडच्या एका जुन्या राजाचं. पण त्या राजानंतर गावात कोणी ते पाळण्यातल्या पोराला दिल्याचं ऐकलं नव्हतं. मेबलने विचारलं तेव्हा जॉर्डी म्हणाला होता, “कोकरांना नावं द्यायची वेळ आली की मला सांग, पोराचं तू बघ.”

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी तिथे होते. आमच्याकडे मुलगा असला तर चर्चला जाताना जी बाई पहिली भेटेल तिच्या हातात केक आणि चीजची पुरचुंडी ठेवतात. ती पहिली बाई मी. आता मी सकाळपासूनच वळणावर उभी होते, हे सोडा. केक मेबलच्या हातचा होता.

दुसरी रीत अशी की बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी पोचेपर्यंत बाळाचं नाव आईबापांखेरीज कोणापाशी उच्चारायचं नाही. उच्चारलं तर बाळाला धोका. पाद्री नाव विचारतो तेव्हा आई धर्ममातेच्या कानात सांगते आणि धर्ममाता ते मोठ्याने म्हणते. ओस्विनची धर्ममाता म्हणजे मेबलची थोरली बहीण एटी. एटीचं स्वतःचं बाळ आदल्याच वर्षी गेलं होतं, चर्चपर्यंत यायच्या आत. मेबलने मुद्दाम तिलाच हा मान दिला, म्हणून आम्ही मेबलचं कौतुकही केलं.

पाद्र्याने नाव विचारलं. मेबल बहिणीच्या कानाशी झुकली. एटीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. पाद्र्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “ओस्विन,” आणि पाणी शिंपडून होताच बाळ ओलंच मेबलच्या हातात देऊन बाकावर जाऊन बसली.

एवढं पुरे होतं. माझी मैत्रीण पेगी चर्चच्या दारातच म्हणाली, “बहिणीला ठाऊक आहे बरं का, कोणाचं नाव ते.”

पुढे पोरगा मोठा झाला. एटीने त्याचे स्वेटर विणले, गोवर आला तेव्हा उशाशी बसली. पण हाक मारायची ती ‘लेकरा’. कधीही, चुकूनसुद्धा, ओस्विन नाही. मेबल त्यासाठी झुरायची. ती एटीकडे पोराच्या हातून तव्यावरच्या मनुका घातलेल्या गरम पोळ्या पाठवायची आणि मागाहून त्याला विचारायची, “मावशी काय म्हणाली? नाव घेतलं का?” गावच्या लीक-कांद्याच्या प्रदर्शनात बक्षिसं पुकारायचं काम एटीकडे होतं. पोराला बक्षीस लागलं तेव्हा एटीबाईंनी पुकारलं, “डॉड्सांचा पोरगा.” मेबल खाली मान घालून बसली.

कुजबुज तिच्या कानावर होतीच. पेगी दुकानात म्हणायची, “मेबल, मनोऱ्यातलं घड्याळ परत मागे पडतंय गं. बोलवायचं का कुणाला?” आणि मेबल हसायची. निर्दोष बाई चिडेल, ही हसते म्हणजे आहेच काहीतरी, असा आम्ही निकाल लावला.

ओस्विन बापाबरोबर मेंढरं राखू लागला त्यानंतरची गोष्ट. मेबलच्या छातीचं दुखणं बळावलं आणि एटी तिच्याकडे राहायला आली. एका दुपारी मी चहाला गेले होते. एटी तव्यावर पोळ्या भाजत होती. मेबल अचानक म्हणाली, “एटी, एकदा तरी त्याला नावाने हाक मार. राग माझ्यावर आहे ना, त्याच्यावर कशाला?”

“राग कसला.”

“तुझ्या बाळासाठी ठरवलेलं नाव मी घेतलं. विचारलंही नाही. वाटलं, तेवढं तरी मागे राहील.”

“विचारलं असतंस तर दिलं असतं.”

“मग?”

एटीने पोळी उलटली. “माझा पोटात होता तेव्हा तू मागे लागली होतीस, सांग ना, मला एकटीला सांग. मी सांगितलं. आणि तो पाण्यापर्यंत पोचला नाही. पाद्र्यासमोर घ्यायला भीती नव्हती, तिथे घेतलं. बाहेर माझी जीभ उचलत नाही, मेबल. तुझा धडधाकट आहे, तसा राहू दे.”

मेबलने कप ठेवला तो बशीत नाही, टेबलाच्या अगदी कडेवर. मी उचलून नीट ठेवला. इतकी वर्षं ती एका चोरीचं ओझं वाहत होती. त्याआधीचं दुसरं ओझं तिला ठाऊकच नव्हतं.

“म्हणजे ते माझ्यामुळे,” ती म्हणाली.

“तसं मी म्हटलं नाही,” एटी म्हणाली. पण नाही असंही ती म्हणाली नाही.

तेवढ्यात ओस्विन चिखलाचे बूट घालूनच आत आला. मेबल बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली.

“बूट बाहेर काढ, लेकरा,” एटी म्हणाली.

हे मी पेगीलासुद्धा सांगितलं नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. आता दोघी बहिणी चर्चमागे मातीखाली शेजारी शेजारी आहेत, म्हणून सांगते. घड्याळजीचा काही संबंध नव्हता. ओस्विन हे एटीच्या मेलेल्या मुलाचं नाव होतं. मेबलने ते आधी तिच्याकडून वदवून घेतलं आणि नंतर न विचारता आपल्या मुलाला ठेवलं.